रस्ता आला तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत आमच्या गावाची जेमतेम एक ओळ आहे. घरे किती, पुरुष किती, बायका किती, शाळा आहे काय, एसटी येते काय, एवढेच. माणसे आणि वाट यांचे रकाने असे एका ओळीत पाहिले की मला आमच्या वाडीचा सारा इतिहास आठवतो.

आजीच्या वेळी गावाला गाडीरस्ता नव्हता. पाखाडी उतरायची, तरीने खाडी ओलांडायची आणि बंदरावर आगबोटीची वाट पाहायची. बोट खोल पाण्यात उभी राही. पडावातून माणसे, गाठोडी आणि रडणारी पोरे वर चढविली जात. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी ती वाट होती. पावसाळ्यात ती बंद पडे. मुंबईजवळच्या काही फेऱ्या तेवढ्या चालत. त्यांतलीच 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली.

अशाच एका पावसाळ्यात माझी थोरली आत्या बाळंतपणात अडली. डोली केली; चार माणसांनी खांदा दिला. पण खाडीला उधाण होते. तरी सुटली नाही आणि डोली परत आली. रस्ता नसलेल्या गावाचे कौतुक कुणी करू लागले की मला ती डोली आठवते.

वाट बिकट होती म्हणून माणसे गावात राहिली, असे मात्र नव्हे. पुरुष गिरणीत जात, एका खोलीत दहा-पंधरा जण राहत आणि मनीऑर्डर धाडीत. भात लावायला, घर शेणाने सारवायला, म्हातारी माणसे सांभाळायला बायका गावी राहत. म्हणूनच २००१ च्या शिरगणतीतसुद्धा या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. माणूस मुंबईत असला तरी बिऱ्हाड कोकणात असे.

पुढे रस्ता झाला, एसटी आली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेची सबंध वाट खुली झाली. आम्ही पेढे वाटले. आता चाकरमानी घरी परततील, बंद दारे उघडतील, असे जो तो म्हणत होता.

झाले उलटे. २००१ साली जिल्ह्याची वस्ती १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ भरली. शेजारच्या सिंधुदुर्गातही ती घटली. दर हजारी स्त्रियांचा आकडा ११२२ वर आला. दोष रस्त्याचा नव्हे. नोकरी, कॉलेज, इस्पितळ सारे शहरात होते. रस्त्याने एवढेच केले की पूर्वी एकटा जाणारा माणूस आता बायकापोरांसह जाऊ लागला. शिरगणती फेब्रुवारीत होते. ती गणपतीत झाली असती, तर आमचे गाव सरकारला केवढे तरी मोठे दिसले असते!

मध्यंतरी गणपतीनंतर मी चार दिवस मागे राहिलो होतो. चाकरमानी परतले होते. रात्री शेजारच्या काकी पडल्या. रुग्णवाहिका थेट खळ्यात आली; आत्याच्या नशिबी नव्हती ती गाडी. पण काकींना उचलून गाडीत ठेवायला ड्रायव्हर आणि मी, दोघेच. खालच्या वाडीतून आणखी दोघांना बोलावून आणीपर्यंत अर्धा तास गेला. काकी वाचल्या, देवाची कृपा.

हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. २००१ साली माझे डोके आमच्या गावाच्या ओळीत मोजले गेले होते. २०११ साली ते मुंबईत, मुलाच्या घरी मोजले गेले. जिल्ह्यातून जी ८१,७०८ माणसे कमी भरली, त्यांत एक मीही आहे. काकींनी परवा फोनवर विचारले, "भावजी, दिवाळीला येतलात मा?" तिकीट काढले आहे. एका रात्रीत पोचेन.