कोणता ईश्वर? धर्म आणि दर्शनांतील ईश्वरकल्पना व धम्माची कसोटी

"तुम्ही बौद्ध लोक देव मानता की नाही?" हा प्रश्न आपल्या तरुणांना कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी, कधी सोयरिकीच्या बोलण्यातही विचारला जातो. आपले उत्तर ठरलेले असते, "नाही, आम्ही नास्तिक." मग समोरचा म्हणतो, "आम्ही तरी मूर्ती कुठे मानतो? एक शक्ती मानतो." दुसरा म्हणतो, "आईनस्टाईनसुद्धा देव मानायचा." तिसरा त्रिपिटकातले इंद्र आणि ब्रह्मा काढून दाखवतो. इथे आपले अनेक कार्यकर्ते अडखळतात. 'देव' हा शब्द एक असला तरी त्याचे अर्थ अनेक आहेत, आणि आपण नेमका कोणता अर्थ नाकारतो हे आपण स्वतःला विचारलेले नसते.

या लेखात आम्ही प्रमुख धर्म आणि दर्शने ईश्वराविषयी काय म्हणतात ते थोडक्यात मांडत आहोत. त्यानंतर तथागतांनी आणि बाबासाहेबांनी हा प्रश्न कोणत्या कसोटीवर तपासला ते पाहू. ती कसोटी समजली नाही, तर ईश्वर नाकारूनही माणूस जुन्याच जागी उभा राहू शकतो, हे आमचे मुख्य म्हणणे आहे.

एकेश्वरवादी धर्म

यहुदी धर्मात ईश्वर एकच आहे. तो सृष्टीचा निर्माता आहे, त्याची मूर्ती करायची नाही आणि त्याने आपल्या लोकांशी करार केला आहे. बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी तर ईश्वर कसा आहे हे सांगताच येत नाही, फक्त तो काय नाही एवढेच सांगता येते, अशी भूमिका घेतली.

ख्रिस्ती धर्मातही ईश्वर एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत मानला जातो. हे त्रैक्य एका दिवसात ठरले नाही. इ.स. ३२५ ची निकिया येथील आणि इ.स. ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषद, अशा मोठ्या वादविवादांतून ते निश्चित झाले. इस्लामला हे त्रैक्य मान्य नाही. तौहीद म्हणजे ईश्वराचे निखळ एकत्व हा इस्लामचा पाया आहे. अल्लाह कोणाचा पिता नाही, कोणाचा पुत्र नाही, त्याच्या बरोबरीचे कोणी नाही, हा कुराणाच्या ११२ व्या सूरेचा आशय आहे.

पारशी धर्मात अहुर मज्द हा सुज्ञ आणि कल्याणकारी ईश्वर आहे, तर वाईटाचे मूळ त्याच्या विरोधात असलेल्या अंग्र मैन्यूमध्ये शोधले जाते. माणसाने या दोहोंपैकी चांगल्याची बाजू निवडायची. शीख धर्मात ईश्वर एक, निराकार, काळाच्या पलीकडचा आणि जन्म न घेणारा आहे. तो अवतार घेत नाही. गुरू नानकांच्या परंपरेने या ईश्वरकल्पनेसोबत लंगरची एक पंगतही दिली, हे विसरता येणार नाही.

या सर्व धर्मांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर जगात एवढे दुःख का? कोणी याला माणसाचे इच्छास्वातंत्र्य हे उत्तर देते, कोणी परीक्षा म्हणते, कोणी ईश्वराची योजना माणसाला कळत नाही असे म्हणते. पारशी परंपरेचे उत्तर वेगळे आहे, वाईट हे ईश्वराचे काम नव्हेच.

तत्त्वज्ञांचा ईश्वर

ॲरिस्टॉटलचा ईश्वर नवसाला पावत नाही, प्रार्थना ऐकत नाही. तो विश्वातील सर्व गतीचे मूळ, पण स्वतः अचल असलेले तत्त्व आहे. एपिक्युरसने देव नाकारले नाहीत, मात्र ते माणसाच्या व्यवहारात ढवळाढवळ करत नाहीत, म्हणून त्यांना घाबरण्याचे कारण नाही, असे शिकवले.

सतराव्या शतकात स्पिनोझा याने ईश्वर आणि निसर्ग एकच मानले. त्याचा ईश्वर जगाबाहेर बसून जग चालवत नाही, इच्छा करत नाही, शिक्षा देत नाही. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने त्याला बहिष्कृत केले. आईनस्टाईनने १९२९ मध्ये आपण स्पिनोझाचा ईश्वर मानतो असे कळवले होते. त्याच वेळी माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष घालणारा ईश्वर आपण मानत नाही, हेही त्याने स्पष्ट केले होते. पुढच्या वेळी कोणी आईनस्टाईनचे नाव घेतले, तर हा दुसरा भागही सांगावा.

युरोपात अठराव्या शतकात आणखी एक विचार पसरला. ईश्वराने जग निर्माण केले, त्याला नियम दिले आणि नंतर चमत्कार, अवतार, पोथ्या किंवा पुरोहित यांच्यामार्फत तो काही करत नाही. टॉमस पेन हा या विचाराचा खंदा पुरस्कर्ता. पेनचे लेखन महात्मा फुले यांनी वाचले होते. फुल्यांनी ईश्वरासाठी 'निर्मिक' हा शब्द वापरला. निर्मिकाची सर्व लेकरे समान, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये भटाची दलाली नको, ही १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची शिकवण होती. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे तात्यासाहेब निर्माता मानणारे होते आणि तरीही पुरोहितशाहीचे कट्टर विरोधक होते.

वैदिक परंपरेतील मतमतांतरे

ऋग्वेदात इंद्र, अग्नी, वरुण अशा अनेक देवतांची स्तुती आहे. पण त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टी कशी झाली हे नक्की कोणाला माहीत आहे का, अशी शंकाही घेते. उपनिषदांत 'ब्रह्म' हे सर्वव्यापी तत्त्व पुढे येते.

शंकराचार्यांच्या अद्वैतात अंतिम सत्य म्हणजे निर्गुण ब्रह्म. पूजा करण्याजोगा सगुण ईश्वर हा फक्त व्यवहाराच्या पातळीवर खरा. रामानुजांच्या विशिष्टाद्वैतात ईश्वर गुणसंपन्न आहे, आणि जीव व जगत हे त्याचे शरीर आहे. मध्वाचार्यांच्या द्वैतात ईश्वर आणि जीव कायम वेगळे. न्याय दर्शनाने ईश्वर तर्काने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. घट आहे म्हणजे कुंभार असणार, तसे जग आहे म्हणजे त्याचा कर्ता असणार. उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ याच कामासाठी लिहिलेला आहे.

सर्वांमध्ये एकच ब्रह्म आहे, तर माणसामाणसांत भेद का, हा प्रश्न साहजिक आहे. पण शंकराचार्यांनीच ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम' मध्ये यावरच बोट ठेवले. ब्रह्माच्या सिद्धांतातून लोकशाहीचा पाया घालता आला असता, पण तो घातला गेला नाही. भक्तीमार्गातही हेच दिसते. चोखोबांचा विठ्ठल सर्वांचा होता, देवळाचे दार मात्र चोखोबांना बंद होते. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करावा लागला तोपर्यंत सहा शतके उलटून गेली होती.

ईश्वर नसलेली दर्शने

भारतात ईश्वर न मानणारे फक्त बौद्ध नव्हते. चार्वाकांनी ईश्वर, परलोक आणि वेद तिन्ही नाकारले. जैन दर्शनात विश्व अनादी आहे, त्याचा कोणी कर्ता नाही. तीर्थंकर पूज्य आहेत, पण ते जगाचे निर्माते नाहीत. सांख्य दर्शनाच्या 'सांख्यकारिका' या मूळ ग्रंथात प्रकृती आणि पुरुष आहेत, ईश्वराला जागा नाही. योगसूत्रांत ईश्वर आहे, पण तो क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला एक विशेष पुरुष आहे, जग घडवणारा नव्हे.

सर्वांत लक्षात घेण्यासारखे उदाहरण पूर्वमीमांसेचे आहे. कुमारिल भट्टाने सृष्टीकर्त्या ईश्वराचे खंडन केले. पण त्याच मीमांसेने वेद अपौरुषेय मानले, यज्ञ श्रेष्ठ मानला आणि वर्णव्यवस्थेला हात लावला नाही. ईश्वर नाही, पण पोथी, पुरोहित आणि वर्ण मात्र जागच्या जागी. तरीही मीमांसक 'आस्तिक' ठरले, कारण मनुस्मृतीच्या लेखी नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा, ईश्वर नाकारणारा नव्हे. आपण स्वतःला नास्तिक म्हणतो तेव्हा हे दोन्ही अर्थ ठाऊक असलेले बरे.

तथागतांची भूमिका

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात सृष्टीकर्त्याची कल्पना कशी जन्मली असेल याचे मार्मिक वर्णन आहे. रिकाम्या ब्रह्मलोकात एक जीव आधी जन्मतो, एकटेपणाला कंटाळून आणखी कोणी यावे अशी इच्छा करतो. योगायोगाने इतर जीव तिथे जन्मतात. त्याला वाटते आपणच त्यांना निर्माण केले, आणि त्यांनाही तसेच वाटते. केवट्ट सुत्तात तर भिक्खूच्या प्रश्नावर महाब्रह्मा आधी स्वतःची थोरवी सांगत राहतो, मग त्याला बाजूला घेऊन कबूल करतो की उत्तर आपल्याला माहीत नाही. तेविज्ज सुत्तात तथागत विचारतात की ज्या ब्रह्माला कोणी पाहिलेले नाही, त्याच्याकडे जाण्याचा मार्ग तुम्ही कसा दाखवता?

तेव्हा त्रिपिटकात देव आहेत का? आहेत. पण ते जन्मतात, मरतात, अज्ञानी असू शकतात आणि तथागतांकडे शिकायला येतात. त्यांतला कोणीही जगाचा कर्ता नाही आणि कोणीही दुसऱ्याला मुक्त करू शकत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणणे अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे. तिथे तीन मते एकत्र तपासली आहेत. माणसाचे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळे आहे, हे पहिले. ते ईश्वराने निर्माण केले आहे, हे दुसरे. ते कारणाशिवाय घडते, हे तिसरे. तथागत तिन्ही नाकारतात आणि कारणही एकच देतात. यांपैकी काहीही मानले तर हिंसा, चोरी, खोटेपणा यांचीही जबाबदारी माणसावर राहत नाही. काय करावे आणि काय करू नये यासाठी झटण्याचे कारणच संपते.

बौद्ध आचार्यांनी पुढे तर्काच्या पातळीवरही हा वाद चालवला. वसुबंधूंनी विचारले, एकच न बदलणारा ईश्वर सर्वांचे कारण असेल तर सर्व गोष्टी एकाच वेळी का निर्माण झाल्या नाहीत? धर्मकीर्तींनी घट आणि कुंभाराच्या दृष्टांतावर नेमका घाव घातला. वारूळही मातीचेच असते, म्हणून ते कुंभाराने केले असे म्हणायचे का? अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तींनी ईश्वरसिद्धीच्या युक्तिवादांचे खंडन करणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आपली परंपरा नुसते 'नाही' म्हणून थांबलेली नाही.

बाबासाहेबांची कसोटी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच देवदेवता नाकारण्यापासून होते. ईश्वराने अवतार घेतला हे आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हेही त्यांत नाकारले आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये ईश्वरावरील विश्वास हा अधम्मात गणला आहे. त्याच ग्रंथात त्यांनी मागच्या जन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य आणि हीन दर्जा समजावणाऱ्या सिद्धांतालाही विरोध केला. असा सिद्धांत समाजाला आणि राज्याला गरिबांच्या जबाबदारीतून मोकळे करतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या दृष्टीने धम्माचे केंद्र माणूस आणि माणसाचे माणसाशी असलेले नाते हे आहे.

ही कसोटी आपल्यालाही लागू होते. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, पण आजारपणात "नशिबात होते" म्हणालो, लग्न ठरवताना पत्रिका काढली, बुद्धमूर्तीपुढे नवस बोललो, तर आपण फक्त देवाचे नाव बदलले. उलट, ईश्वर मानणारा प्रत्येक जण आपला विरोधक असतो असेही नाही. महात्मा फुले निर्मिक मानत होते. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांचा लढा चर्चमधून उभा राहिला आणि मार्टिन ल्यूथर किंग हे धर्मोपदेशकच होते. त्यांच्या ईश्वरकल्पनेशी आपले मतभेद असू शकतात, पण समतेच्या लढ्यात ते सोबती आहेत.

चर्चेत काय विचारावे

पुढच्या वेळी "देव मानता का?" असे कोणी विचारले, तर आमच्या मते चार प्रश्न शांतपणे परत विचारावेत. तुम्ही म्हणता तो ईश्वर जगाचा कर्ता आहे, की फक्त निसर्गनियमांचे नाव आहे? तो माणसांच्या व्यवहारात हस्तक्षेप करतो का? त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणा जातीला, पोथीला किंवा पुरोहिताला आहे का? आणि माणसाच्या दुःखाची जबाबदारी शेवटी कोणाची?

पहिल्या दोन प्रश्नांवर मतभेद राहिले तरी बिघडत नाही, त्यावर वाद घालायला आयुष्य पडले आहे. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर मात्र आपण ठाम असले पाहिजे. विहारांतील अभ्यासवर्गांनी या वर्षावासात 'द बुद्ध अँड हिज धम्म' सोबत ब्रह्मजाल आणि तेविज्ज ही दोन सुत्ते वाचायला घ्यावीत. मराठी अनुवादातून वाचली तरी चालतील, पण एकट्याने न वाचता एकत्र बसून, प्रश्न विचारत वाचावीत.