चाकांवरचं घर, कागदावरची व्हॅन

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर करतोय. पलंग, शेगडी, छोटं सिंक... सुतारकाम महिन्याभरात उरकलं, पण टॅक्स आणि विम्याच्या फॉर्मवर घोडं अडलं. 'ही गाडी नेमकी काय आहे?' एवढाच प्रश्न! गंमत म्हणजे हा प्रश्न तिथे कित्येक दशकं विचारला जातोय आणि दर वेळी त्याच्या उत्तरात पैसे अडकलेले असतात.

ब्रिटनमध्ये १९४० साली, ऐन युद्धात, 'पर्चेस टॅक्स' आला. साठच्या दशकात हा कर मोटारीवर लागायचा, मालाच्या व्हॅनवर नाही. व्हॅनला मागे खिडक्या बसवल्या की तिची मोटार झाली, भरा कर! पण आत झोपायची-रांधायची पक्की सोय असली की ती 'मोटार कॅरॅव्हॅन', तिला पुन्हा माफी. म्हणजे एका शेगडीने कर वाचायचा. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि हा कर गेला.

त्याआधीचा किस्सा आणखी मजेशीर आहे. मूळचा ऑस्ट्रियाचा पीटर पिट नावाचा माणूस पन्नासच्या दशकात फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये घरं बसवून द्यायचा. कायद्याच्या लेखी ती व्यापारी वाहनं, म्हणून ताशी ३० मैलांची वेगमर्यादा. बायकामुलांना घेऊन सुट्टीवर निघालात तरी टेम्पोच्या चालीने चला! पिटने काय करावं? विंडसरच्या राजेशाही उद्यानात व्यापारी वाहनांना बंदी होती, तिथे त्याने मुद्दाम आपली गाडी घातली. व्हायचं तेच झालं, खटला उभा राहिला. आणि त्यातूनच अशा गाड्या व्यापारी वाहनांतून वेगळ्या झाल्या. स्वतःवर खटला ओढवून घेऊन या माणसाने एका गाडीला तिचं नाव मिळवून दिलं.

पण नाव मिळालं म्हणून प्रश्न मिटला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे नव्या मोटारहोमवर मोटारीसारखा धुराच्या हिशेबाने टॅक्स लागू झाला. तीनशे पौंडांच्या आतला पहिल्या वर्षीचा टॅक्स काही गाड्यांना दोन हजारांच्या वर गेला. ओरड झाली आणि मार्च २०२० मध्ये तो मागे घेतला. त्याच सुमारास नोंदणी खात्याने बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर भर दिला : उंच छत, बाजूच्या खिडक्या, छत्रीचा दांडा, दोन्ही अंगांना चित्रं. त्या नसतील तर कागदावर 'खिडक्यांची व्हॅन', मग आत राजवाडा का असेना! विमा कंपन्यांच्या व्याख्या आणखी निराळ्या, आणि केलेले बदल कळवले नाहीत तर भरपाईच धोक्यात.

आपल्याकडे? केंद्राच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन 'नॉन-ट्रान्सपोर्ट' यादीत आहे, थेट मोटारसायकल आणि मोटारीच्या पंगतीत. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत. म्हणजे गल्लीतल्या गॅरेजात गाडीचं घर करायचं स्वप्न आरसी बुकापाशी थांबतं.

माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ एकच. गाडी कोण आणि कशासाठी वापरतो हे कायद्याला सहज दिसत नाही. खिडकी दिसते, शेगडी दिसते, छत दिसतं. म्हणून तो त्यावरूनच माणसाचा हेतू ओळखू पाहतो.

तेव्हा मंडळी, असा काही बेत असेल तर सुताराच्या आधी आरटीओ आणि विमावाल्याला गाठा, आणि ठरेल ते लेखी घ्या. 'ही गाडी काय आहे?' हा प्रश्न अपघातानंतरही विचारला जातो, आणि तेव्हा उत्तर बदलता येत नाही.