शहम, चरबी, मेद : हैदराबादेतील वैद्यकीय परिभाषेचा एक अध्याय

प्रास्ताविक

आरोग्यविषयक अभ्यासक्रम मातृभाषेतून शिकवताना पहिली अडचण पारिभाषिक शब्दांची येते. पुस्तकातला शब्द विद्यार्थ्याला परका वाटतो आणि घरातला शब्द परीक्षेत चालत नाही. हैदराबाद संस्थानाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळला होता. शरीरातील चरबी आणि चरबीयुक्त ऊती यांच्याशी संबंधित शब्दांच्या आधारे त्या प्रयोगाचे स्वरूप पाहणे उद्बोधक ठरते.

उर्दूतून वैद्यकशिक्षण

हैदराबाद येथे 1846 साली डॉ. विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली वैद्यकशाळा सुरू झाली. आरंभी तेथील अध्यापनाचे माध्यम उर्दू होते. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवून इतर सर्व विषय उर्दूतून शिकवणारे ते विद्यापीठ होते. पाठ्यपुस्तकांची गरज ओळखून दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, 1917 सालीच उभारण्यात आला होता. त्याची धुरा प्रथम मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली. ते तेव्हा औरंगाबादेत राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम पाहत होते. 1920 च्या दशकात जुन्या वैद्यकशाळेचे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले आणि शरीररचना, शरीरक्रिया यांसारखे विषय उर्दूतून शिकवले जाऊ लागले.

शब्द कसा घडवावा, यावर विभागात दोन मते होती. एका गटाला सर्व परिभाषा अरबीवरून घ्यावी असे वाटे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, उर्दूची घडण भारतीय आहे, म्हणून अरबी, फारसी आणि हिंदी या तिन्ही साठ्यांतून शब्द घेऊन ते उर्दूच्या नियमांनी जोडावेत. वहीदुद्दीन सलीम यांनी दुसरी भूमिका ‘वज़-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात सविस्तर मांडली.

चरबीचे तीन वारसे

युनानी वैद्यकात चरबीसाठी ‘शहम’ व ‘समीन’ असे दोन अरबी शब्द आहेत. मांसाशी निगडित मऊ चरबी ती समीन आणि आतील पडद्यांवर साचणारी ती शहम, असा भेद केला जातो. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथानुसार रक्तातील पातळ व स्निग्ध अंश थंडीने गोठून चरबी बनते आणि उष्णतेने ती विरघळते. अतिलठ्ठपणाला ‘समन-ए-मुफरित’ आणि चरबीच्या गाठीला ‘सिलआ शहमिया’ म्हणतात.

आयुर्वेदात ‘मेद’ हा सात धातूंपैकी चौथा धातू. सुश्रुताने मांसातील स्नेहाला ‘वसा’ म्हणून मेदापासून वेगळे केले आहे. चरबीच्या गाठीला ‘मेदोज ग्रंथी’ असे नाव आहे. दोन्ही परंपरांनी चरबीचे प्रकार पाडले, ही बाब लक्षणीय आहे. मात्र आजच्या वैद्यकातील त्वचेखालील चरबी व उदरपोकळीतील अवयवांभोवतीची चरबी हा भेद त्या वर्गीकरणाशी जसाच्या तसा जुळत नाही.

तिसरा वारसा बोलीचा. ‘चरबी’ हा मूळ फारसी शब्द उर्दूत आहे, मराठीत आहे, हिंदीत आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांतून आलेल्या विद्यार्थ्याला ‘शहम’ शिकावा लागे. ‘चरबी’ तो घरूनच घेऊन येई.

मग ‘चरबी’ हाच शब्द सर्वत्र का स्वीकारला जाऊ नये? याचे एक कारण शब्दाला चिकटलेल्या अर्थात आहे. मराठीत ‘अंगात चरबी येणे’ म्हणजे माज येणे. उर्दूतही डोळ्यांवर चरबी येणे म्हणजे गर्वाने आंधळे होणे. चरकसंहितेत अतिस्थूल व्यक्तीची गणना आठ ‘निंदित’ पुरुषांत केली आहे. रुग्णाशी बोलताना हा दोष शब्दाबरोबर येतो. ‘शहम’ किंवा ‘मेद’ या शब्दांना तसा डाग नाही. पण ते चटकन समजत नाहीत.

विणलेले शब्द

चरबीयुक्त ‘टिश्यू’साठीचे शब्द पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. फ्रेंच मूळ शब्दाचा अर्थ विणलेले कापड. अरबीतील ‘नसीज’ विणण्याच्याच धातूपासून आला. फारसीतील ‘बाफ्त’चाही अर्थ विणलेले. मराठी पाठ्यपुस्तकातील ‘ऊती’ आणि विश्वकोशातील ‘ऊतक’ हे शब्दही संस्कृतातील विणण्याच्या क्रियेशी जोडलेले आहेत. ‘शहमी नसीज’ आणि ‘मेद ऊती’ या दोन परक्या वाटणाऱ्या संज्ञा अर्थाने एकच आहेत.

1994 साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबी ही केवळ साठवण नसून भुकेचे नियमन करणारी ऊती आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. ‘लेप्टिन’ हे नाव मात्र सर्व भाषांनी तसेच घेतले.

समारोप

सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. त्याबरोबर वैद्यकाची उर्दू पाठ्यपुस्तके वर्गाबाहेर गेली. युनानी परिभाषा चारमिनारजवळील निजामिया तिब्बी महाविद्यालयासारख्या संस्थांतून टिकली. 1998 साली हैदराबादेतच मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले आणि उर्दूतून उच्च शिक्षणाचा प्रश्न पुन्हा पुढे आला.

या इतिहासातून असे दिसते की, शब्द कोशात आला म्हणजे रुजला असे होत नाही. तो वर्गात, दवाखान्यात आणि घरात वापरला जावा लागतो. हैदराबादेत वर्ग बंद झाला आणि शब्द कोशात उरले. परिचारिका व आरोग्यसेवक घडवणाऱ्या शिक्षकाने म्हणूनच ‘चरबी’पासून आरंभ करावा, ‘मेद ऊती’ समजावून द्यावी आणि उर्दू घरातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘शहम’चीही ओळख करून द्यावी. तिन्ही शब्द जाणणारी परिचारिका रुग्णाला न दुखावता त्याचा आजार समजावून सांगू शकेल.