विणकाम-सेवा

विणकाम-सेवा : ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांनी, बहुतेक ठिकाणी स्त्रियांनी, एकत्र बसून सुयांवर किंवा क्रोशाने शाली, टोप्या, मोजे, बाळांची दुपटी विणायची आणि आजारी, शोकाकुल किंवा एकाकी माणसांना विनामोल द्यायची, अशी उपासनेशी जोडलेली प्रथा. हातात टाके चालू असताना ज्याच्यासाठी विणायचे त्याच्याकरिता प्रार्थनाही चालू असते. विक्रीसाठीच्या विणकामापासून ही सेवा वेगळी ठरते ती यामुळे. तयार शाल देण्यापूर्वी पुष्कळ मंडळ्यांत ती सर्वांच्या हातांतून फिरवली जाते किंवा वेदीजवळ ठेवून तिच्यावर प्रार्थना केली जाते.

बायबलमधला आधार ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. यापो गावची टबीथा, म्हणजेच दुर्कस, मरण पावते तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत प्रेषित पेत्राला तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवतात. तिने काय उपदेश केला याचा तिथे उल्लेख नाही. तिची साक्ष म्हणजे ती वस्त्रे. तिच्या नावाचे एक मंडळ 1834 मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लस गावी निघाले. पटकीच्या साथीतून वाचल्याबद्दल देवाचे उपकार मानायचे म्हणून गरिबांसाठी कपडे शिवायचे, असा त्यामागचा विचार होता. पुढे ‘दुर्कस मंडळे’ इंग्रजी मुलखात सर्वदूर पसरली.

भारतात मिशनऱ्यांनी सुईकाम आणले ते मुख्यतः शिक्षण आणि उपजीविका म्हणून. लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी 1821 च्या सुमारास नागरकोविलच्या मुलींच्या शाळेत लेस विणायला शिकवले. त्या लेसच्या उत्पन्नातून शाळा चालली आणि गुलामीतल्या मुलींची सुटकाही झाली. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस याच वळणाची.  महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. विधवांसाठी त्यांनी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्याला आणि मग केडगावला गेले. 1896-97 च्या दुष्काळानंतर तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. शेकडो अनाथ मुली आणि विधवा तिथे हातमाग, शिवण, भरतकाम, छपाई शिकल्या, आणि त्यांचा दिवस प्रार्थनेभोवती बांधलेला होता. मात्र त्या कामाची दिशा वेगळी होती. जिला समाजाने टाकले तिने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा तिथला हेतू. आजच्या विणकाम-सेवेत विणणारी आपला वेळ दुसऱ्याला देते. या दोन्हींना एकच परंपरा म्हणणे केडगावच्या बायकांवर अन्याय करणारे आहे. त्यांनी दान दिले नव्हते, हक्काचे जगणे मिळवले होते.

‘प्रार्थना-शाल’ हे या सेवेचे सध्याचे सर्वांत परिचित रूप. 1998 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो यांनी ते सुरू केले. दोघींनी हार्टफर्ड सेमिनरीतला स्त्री-नेतृत्वाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्यांची मूळ वीण अगदी सोपी आहे : जाड सुईवर 57 किंवा 63 टाके घालायचे आणि प्रत्येक ओळीत तीन सुलट, तीन उलट असे विणत जायचे. तीन हा आकडा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची आठवण देतो. टाक्यांची संख्या तीनची विषम पट असल्यामुळे प्रत्येक ओळ सुलट टाक्यांनीच सुरू होते आणि सुलट टाक्यांनीच संपते. म्हणून शाल दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडाही फारशा वळत नाहीत. ओळीगणिक मोजणी बदलत नाही, त्यामुळे मन प्रार्थनेला मोकळे राहते. क्रोशाने करायची तर साखळीवर नुसत्या खांबांच्या ओळी घेतल्या तरी चालते.

हात कामात आणि नाम मुखी, ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. मळ्यात राबता राबता नाम घेणारे संत सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. नामदेव शिंपी होते.  सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढा तालुक्यात तर लोकर स्वतःच पूजाद्रव्य आहे. तिथल्या हुलजंती गावी दिवाळीत महालिंगराया या देवाच्या यात्रेत भाविक पालख्यांवर भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, आणि देवळाच्या शिखराला बांधलेले मुंडासे पाहायला लांबून लोक येतात. धनगरांच्या घरी घोंगडी अंथरून तिच्यावर देव मांडतात. ख्रिस्ती प्रार्थना-शालीचा उगम या परंपरेत नाही. तरी अंगावर घ्यायच्या वस्त्रात श्रद्धा उतरू शकते हे या मातीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही, आणि इथल्या एखाद्या मंडळीला ही सेवा सुरू करायची झाली तर तिने परदेशी नमुन्यापेक्षा या ओळखीचा आधार घ्यावा.

धागाही इथले हवामान पाहून निवडावा : सोलापूरच्या उन्हाळ्यात लोकरीची शाल निरुपयोगी. तिथे क्रोशाचा सुती धागा बरा. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, घोंगडीला ती उत्तम, पण नवजात बाळाच्या किंवा केमोथेरपी घेणाऱ्याच्या त्वचेला टोचते. रुग्णालयासाठी विणताना वारंवार धुता येईल असाच धागा घ्यावा. बाळाच्या टोपीला मणी, बटणे, सुटे गोंडे लावू नयेत, तान्ह्याच्या कपड्यात जाळीची वीण टाळावी, कारण त्यात बोटे अडकतात. शालीसोबत द्यायच्या चिठ्ठीत धाग्याचा प्रकार आणि धुण्याची रीत लिहावी. घेणारा कोणत्या धर्माचा हे विचारू नये. त्याला प्रार्थना हवी आहे का, एवढे मात्र आधी विचारावे.