डूम्सडे प्रकल्प

ग्रेट ब्रिटनमधील सर्वसामान्य लोकजीवनाची नोंद शाळकरी मुलांकडून करून घेऊन ती संगणकाच्या साहाय्याने लेसर तबकड्यांवर संग्रहित करण्याचा एक विशाल शैक्षणिक प्रकल्प. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन (बीबीसी) या संस्थेने १९८४ ते १९८६ या काळात तो पार पाडला. विद्यार्थ्यांनी अंकीय साधने हाताशी घेऊन माध्यमनिर्मिती करावी, या कल्पनेचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेला हा एक आद्य प्रयोग होय. त्यातील साहित्य पुढे अल्पावधीतच दुर्वाच्य बनल्यामुळे अंकीय नोंदींच्या जतनाचा प्रश्न विद्वानांपुढे आणि सामान्य वाचकांपुढेही ठळकपणे आला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंडचा पहिला विल्यम याने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथील दरबारात राज्यातील जमीनधारणेची पाहणी करण्याची आज्ञा दिली. तिच्यानुसार १०८६ मध्ये राजाच्या आयुक्तांनी ठिकठिकाणी फिरून, स्थानिक पंचांच्या साक्षी घेऊन जमीन, नांगर, गिरण्या, कुरणे, कुळे व त्यांचे मूल्य यांची नोंद केली. सु. १३,००० वस्त्यांची माहिती देणारा हा लॅटिन भाषेतील चर्मपत्री ग्रंथ ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील नोंदीविरुद्ध दाद मागण्याची सोय नसल्यामुळे अंतिम न्यायाच्या दिवसावरून त्यास हे नाव पडले, असे बाराव्या शतकातच सांगितले जात होते. हा ग्रंथ लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून आजही वाचता येतो. १९८६ मध्ये या पाहणीस ९०० वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने ‘आजचा डूम्सडे ग्रंथ’ तयार करावा, ही कल्पना बीबीसीचे निर्माते पीटर आर्मस्ट्राँग यांनी मांडली. मूळ पाहणी राजाने करवसुलीच्या व जमीनहक्कांच्या दृष्टीने वरून लादलेली होती. नव्या पाहणीत मात्र लोकांनी, त्यातही मुलांनी, स्वतःविषयी सांगावे अशी अपेक्षा होती.

मुलांकडून देशाची पाहणी करून घेण्याचा प्रघात ब्रिटनमध्ये अगदी नवा नव्हता. भूगोलज्ञ डडली स्टँप (१८९८–१९६६) यांनी १९३० नंतर हाती घेतलेल्या भूमि-उपयोग सर्वेक्षणात हजारो शाळकरी मुलांनी नकाशे घेऊन शेतोशेती हिंडून जमिनीच्या वापराची नोंद केली होती. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) या शिक्षकाने १९२४ पासून बार-स्यूर-लू या खेड्यातील शाळेत हातमुद्रणयंत्र आणून मुलांनी लिहिलेला मजकूर मुलांकडूनच छापून घेण्याची पद्धत रूढ केली. मुलांचे निरीक्षण हे ज्ञानाचे साधन होऊ शकते, हा पहिल्या प्रयोगाचा धडा होता. आपले लिहिणे अनोळखी वाचकापर्यंत पोहोचणार आहे या जाणिवेने मूल काळजीपूर्वक लिहिते, हा दुसऱ्याचा. डूम्सडे प्रकल्पात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि त्यांना संगणकाची जोड मिळाली.

ही जोड शक्य होण्यास ब्रिटनमधील तत्कालीन परिस्थिती अनुकूल होती. बीबीसीच्या संगणक-साक्षरता योजनेसाठी केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने बनविलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा लघुसंगणक डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. शाळांनी घेतलेल्या संगणकाच्या किमतीपैकी निम्मा भार शासनाने उचलल्यामुळे थोड्याच वर्षांत तो बहुसंख्य ब्रिटिश शाळांत पोहोचला. भारतातही १९८४-८५ मध्ये २५० माध्यमिक शाळांपासून सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पात हाच संगणक वापरण्यात आला. त्याची स्मृतिक्षमता, प्रचलित ‘बी’ नमुन्यात, अवघी ३२ किलोबाइट होती.

योजना : एकॉर्न, फिलिप्स व लॉजिका या कंपन्या प्रकल्पात बीबीसीच्या भागीदार होत्या. यूरोपीय आयोगाच्या ‘एस्प्रिट’ या कार्यक्रमातूनही अंशतः अर्थसाहाय्य मिळाले. एकूण खर्च सु. २५ लक्ष पौंड झाला. चॅनल बेटे व आइल ऑफ मॅन यांसह सर्व देशाची ४ किमी. × ३ किमी. आकाराच्या सु. २३,००० चौकटींत विभागणी करण्यात आली आणि या चौकटी शाळांना वाटून देण्यात आल्या. ४:३ हे चौकटीच्या बाजूंचे प्रमाण दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या प्रमाणाशी जुळणारे असल्याने प्रत्येक चौकटीचा नकाशा पडद्यावर नेमका बसे. नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय नकाशा-संस्थेचे होते. अशा रीतीने प्रदेशाची विभागणी, नकाशा आणि पडदा ही तिन्ही एकाच मापात बांधली गेली. प्रकल्पाच्या आखणीतील हा सर्वांत कल्पक भाग म्हणावा लागेल.

निर्मिती : शाळांना आवाहन करण्यात आले आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक शाळांनी प्रत्यक्ष भाग घेतला. शिक्षक, पालक व स्थानिक मंडळे धरून सहभागी झालेल्यांची संख्या दहा लक्षांवर गेली. मुलांनी आपल्या चौकटीतील शेते, दुकाने, कारखाने, देवालये व वाहतूक यांची पाहणी करावी, मोजदाद करावी, वडीलधाऱ्यांशी बोलावे आणि जे दिसले ते थोडक्यात लिहावे, असे कामाचे स्वरूप होते. मजकूर शाळेतील संगणकावर टंकित करून चुंबकीय माध्यमांवर साठविला जाई व मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठविला जाई. प्रत्येक पान पडद्याएवढे, म्हणजे मोजक्या ओळींचे असल्यामुळे काय ठेवावे व काय गाळावे, याचा निर्णय मुलांना स्वतः करावा लागे. छायाचित्रांची संख्याही मर्यादित होती. त्यामुळे आपल्या गावाचे प्रातिनिधिक चित्र कोणते, याविषयी वर्गावर्गांत चर्चा होणे अपरिहार्य होते. १,४७,८१९ पृष्ठांचा मजकूर आणि २३,२२५ छायाचित्रे या परिश्रमातून जमा झाली.

या साहित्याचे वैशिष्ट्य त्याच्या सामान्यपणात आहे. दिवसभरात काय खाल्ले, कोणते खेळ खेळले, दूरचित्रवाणीवर काय पाहिले, वडिलांचा रोजगार काय, गावातील दुकानात वस्तूंचे भाव काय, अशा इतिहासकाराला एरवी क्वचितच मिळणाऱ्या गोष्टी त्यात नोंदल्या गेल्या. पाहणीचा काळ १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाला लागून आलेला होता आणि देशात बेकारीचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे एका मोठ्या आर्थिक स्थित्यंतराच्या उंबरठ्यावरचे लोकजीवन या पानांत गोठविले गेले.

तबकड्या : सर्व साहित्य नोव्हेंबर १९८६ मध्ये दोन तबकड्यांवर प्रसिद्ध झाले. ‘कम्युनिटी’ या तबकडीच्या दोन बाजूंवर देशाच्या दक्षिण व उत्तर भागांतील शाळांचे साहित्य होते. ‘नॅशनल’ या तबकडीवर १९८१ च्या जनगणनेसह विविध शासकीय सांख्यिकी, व्यावसायिक छायाचित्रे, वृत्तचित्रणाचे तुकडे आणि ज्यांत पाहणाऱ्याला पावलापावलाने पुढे जाता येई, अशा काही ‘चित्रफेऱ्या’ होत्या. एकाच स्थळासंबंधी मुलांनी केलेले वर्णन आणि शासनाने केलेली गणना अशा दोन प्रकारच्या साक्षी त्यामुळे ताडून पाहता येत. स्थळनाम, नकाशावरील निर्देशांक किंवा विषयवाचक शब्द यांच्या आधारे माहिती शोधण्याची सोय होती. सबंध देशाच्या नकाशावरून क्रमाक्रमाने एखाद्या खेड्यापर्यंत उतरता येई. ही रीत पुढे सर्वत्र परिचित झाली असली, तरी त्या काळी ती अपूर्व होती.

तबकडीचा प्रकार ‘एल्‌व्ही-रॉम’ या नावाचा होता. फिलिप्सच्या लेसरव्हिजन तबकडीवर एका बाजूस चित्रांच्या ५४,००० चौकटी मावत. ही चित्रे अंकीय नसून सदृश संकेतांच्या रूपात असत. त्यांच्या ध्वनिमार्गाच्या जागी सु. ३०० मेगाबाइटपर्यंत अंकीय माहिती साठविण्याची युक्ती योजण्यात आली होती. म्हणजे चित्रे एका पद्धतीने व मजकूर दुसऱ्या पद्धतीने साठविलेला होता आणि दोहोंचा मेळ आज्ञावलीने पडद्यावर घातला जाई. आज्ञावली बीसीपीएल या संगणकभाषेत लिहिलेली होती. तबकड्या वाचण्यासाठी एकॉर्नचा मास्टर संगणक, अतिरिक्त प्रक्रियक, फिलिप्सचे व्हीपी ४१५ हे तबकडीयंत्र आणि पडद्यावरील खूण हलविण्यासाठी गोलकनियंत्रक एवढी सामग्री लागे.

मूल्यमापन : या सामग्रीची एकत्रित किंमत सु. ५,००० पौंडांच्या घरात गेली. ज्या शाळांतील मुलांनी मजकूर लिहिला, त्यांपैकी बहुतेकींना ती परवडण्यासारखी नव्हती. परिणामी पुष्कळ मुलांना आपले लेखन तबकडीवर पाहण्याची संधी लाभलीच नाही. स्वतःचे काम वाचकाच्या नजरेने पाहणे, इतर गावांच्या पानांशी ते ताडून पाहणे, चुका दुरुस्त करणे हा अशा उपक्रमाचा अंतिम व महत्त्वाचा टप्पा असतो. योजना आणि निर्मिती या दोन टप्प्यांत मुलांना जे स्थान होते, ते या तिसऱ्या टप्प्यात राहिले नाही, हा प्रकल्पाचा मोठा शैक्षणिक दोष होय. विरळ वस्तीच्या भागांतील अनेक चौकटी रिकाम्या राहिल्या. वर्णनांचा दर्जाही शाळेगणिक भिन्न होता. तथापि मुलांच्या लेखनातील या उणिवा दोष म्हणूनच पाहणे योग्य नाही. काय टिपले आणि काय नजरेतून सुटले, हीही त्या काळाची एक साक्षच आहे.

दुसरा दोष कालांतराने उघड झाला. एल्‌व्ही-रॉम हा प्रकार बाजारात रुजला नाही. तबकडीयंत्रे नादुरुस्त होऊ लागली, त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि बीबीसी मायक्रोची परंपराही संपुष्टात आली. ९०० वर्षांपूर्वीचे चर्मपत्र वाचता येते, पण १५ वर्षांपूर्वीची तबकडी वाचता येत नाही, हा विरोधाभास २००२ च्या सुमारास वृत्तपत्रांतून गाजला. ही तुलना परिणामकारक असली, तरी सर्वस्वी अचूक नव्हती. साहित्य नष्ट झालेले नव्हते, चालू स्थितीतील काही यंत्रे शिल्लक होती आणि चित्रांच्या मूळ फितीही उपलब्ध होत्या. खरी अडचण अशी होती, की साहित्य, यंत्र आणि आज्ञावली एकमेकांत इतकी गुंतलेली होती की, त्यांतील एक गेले असता उरलेली दोन निरुपयोगी ठरत.

पुनरुद्धार : जुन्या संगणकाचे वर्तन नव्या संगणकाकडून हुबेहूब करवून घेण्याच्या तंत्रास ‘एम्युलेशन’ म्हणतात. इंग्लंडमधील लीड्स व अमेरिकेतील मिशिगन या विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ या संयुक्त प्रकल्पाने या तंत्राने २००२ मध्ये डूम्सडे तबकड्या आधुनिक संगणकावर चालवून दाखविल्या. त्याच सुमारास राष्ट्रीय अभिलेखागारासाठी काम करणाऱ्या गटाने चित्रांच्या एक इंची मूळ फिती शोधून त्यांचे अंकीय रूपांतर केले. कम्युनिटी तबकडीची आधुनिक संगणकावर चालणारी आवृत्ती प्रथम क्यू येथे व जुलै २००४ मध्ये महाजालावर उपलब्ध झाली. परंतु ती एका व्यक्तीच्या परिश्रमावर अवलंबून असल्याने तिच्या निधनानंतर २००८ मध्ये बंद पडली. मे २०११ मध्ये बीबीसीने ‘डूम्सडे रीलोडेड’ या नावाने मुलांचे साहित्य महाजालावर पुन्हा प्रकाशित केले आणि पाव शतकानंतरचे बदल दाखविणारा मजकूर व छायाचित्रे पाठविण्याचे आवाहन लोकांना केले. १९८६ मधील बालनोंदकारांना प्रौढ वयात आपली पाने घरबसल्या पाहण्याची सोय अशा प्रकारे पुन्हा झाली. हे संकेतस्थळही जून २०१८ मध्ये बंद करण्यात आले; त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महाजाल-संग्रहात जतन केलेली आहे. नॅशनल तबकडीवरील साहित्याचे हक्क अनेक संस्थांकडे विखुरलेले असल्याने तिच्या पुनःप्रकाशनात तांत्रिक अडचणींपेक्षा कायदेशीर अडचणीच अधिक ठरल्या. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात मूळ यंत्रणा प्रेक्षकांसाठी मांडण्यात आली. हौशी तंत्रज्ञांनी तबकडीवरील मूळ संकेत जसेच्या तसे उतरवून घेण्याचे उपकरणही पुढे तयार केले.

महत्त्व : डूम्सडे प्रकल्पापासून शिक्षणक्षेत्राला आणि अभिलेखशास्त्राला मिळालेले धडे परस्परपूरक आहेत. विषय आटोपशीर तुकड्यांत विभागला, प्रत्येक गटाला निश्चित जागा व मर्यादा दिली आणि कामामागील हेतू खरा असला, तर लहान मुलेही राष्ट्रीय महत्त्वाचा दस्तऐवज घडवू शकतात, हे त्याने सिद्ध केले. त्याचबरोबर साहित्य कोणत्या स्वरूपात साठवायचे, त्या स्वरूपाचे तपशील कोठे लिहून ठेवायचे, हक्क कोणाकडे राहतील व प्रती कोण सांभाळील, हे प्रश्न काम संपल्यावर नव्हे, तर आखणीच्या वेळीच सोडवावे लागतात, हेही दाखवून दिले. चर्मपत्राचे रक्षण त्याला हात न लावता होऊ शकते. अंकीय नोंद मात्र दर पिढीत नव्याने उतरवून घेतली, तरच टिकते. प्रकल्पातील मुलांची पाने आज वाचता येतात, ती अशा वारंवार केलेल्या उतरवणीमुळेच होय.