भुकेवरचा आरोप

१६८० साली स्पेनचा राजा दुसरा कार्लोस याच्या दरबारात सहा वर्षांची एक मुलगी आणली गेली. एउहेनिया मार्तीनेस वायेखो तिचे नाव. तिच्या अवाढव्य देहाचे दरबाराला एवढे नवल वाटले, की राजचित्रकार हुआन कार्रेन्यो दे मिरांदा याने तिची दोन चित्रे काढली. एक लाल पोशाखातले, दुसरे विवस्त्र. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील ही चित्रे ‘राक्षसीण’ याच नावाने ओळखली जातात. लाल पोशाखातल्या मुलीच्या हातात फळ आहे. चेहऱ्यावर मात्र तृप्ती नाही.

पुढे काही वैद्यांना या चित्रांत प्राडर-विली विकाराची लक्षणे दिसली. चित्रावरून केलेले निदान हा अंदाजच. पण त्यामुळे चित्राकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

या विकाराचे वर्णन प्राडर, लाबहार्ट आणि विली यांनी झ्युरिचमध्ये १९५६ साली केले. पंधराव्या गुणसूत्रावरील, पित्याकडून आलेली काही जनुके त्यात कार्यरत नसतात. अशा बाळाला जन्मतः दूध ओढण्याचेही बळ नसते. मग बालपणीच कधीतरी भूक जागी होते आणि पुन्हा निजत नाही. घरोघरी स्वयंपाकघराला कुलूप लावावे लागते.

१९९९ साली जपानी संशोधकांनी जठरातील घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक शोधले. २००२ साली या रुग्णांच्या रक्तात ते तितक्याच स्थूल इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. कोडे सुटले असे वाटले. परंतु औषधाने घ्रेलिन उतरवूनही भूक उतरली नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत तृप्तीचा निरोप नीट पोहोचत नसावा. या अतिभुकेवरचे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले ते २०२५ साली.

अधाशी, हावरट, खादाड, बकासुर: अतिभुकेसाठी आपण वापरतो ते बहुतेक शब्द आरोपच करतात. अपवाद एका जुन्या शब्दाचा, ‘भस्म्या’. आयुर्वेदातील भस्मकाशी नाते सांगणारा हा शब्द मुळात रोगाचे नाव आहे. खाणाऱ्याला दोष न देता त्याच्या पोटातल्या आगीकडे तो बोट दाखवतो. आपण मात्र त्याचीही शिवी केली. एउहेनियाच्या चित्राखाली नाव लिहिणाऱ्यांना हसण्याआधी हे आठवलेले बरे.