मोहाच्या फुलांपासून ग्रामरक्षक दलांपर्यंत

1891 मध्ये ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आलेल्या कर्जत तालुक्यात आणि लगतच्या खालापुरात कातकरी-ठाकर आदिवासी मोहाची फुले खात आणि ती वाळवून, भिजवून, आंबवून मडक्यात दारूही गाळत. 1878 च्या अबकारी, म्हणजे मद्यावरील कराच्या, कायद्यानंतर 1892 मध्ये या फुलांच्या साठ्यावरही बंधने आली आणि महसुलापायी गरिबांच्या तोंडचे अन्न गुन्ह्यात जमा झाले, हा अन्यायच होता. 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही बंदोबस्त सरकारी यंत्रणेकडेच ठेवला. 15 ऑगस्ट 2007 पासूनच्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने मात्र ग्रामसभेने नेमलेल्या समितीला, पोलीस व महसूल खात्यांच्या सोबतीने, तंटे मिटवण्याचे आणि अवैध धंदे रोखण्याचे काम दिले. दारूबंदी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने अवैध दारू रोखण्यासाठी गावकऱ्यांच्या ग्रामरक्षक दलांची तरतूद केली. ती डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पोहोचवली पाहिजे.